गेम न खेळता मत कसं द्यावं

संध्याकाळी मालवणच्या धक्क्यावर बसायचं तर माणसाकडे मत हवं. बांगड्याच्या भावावर असलं तरी चालायचं, पण हल्ली पोरं विचारतात, "ओव्हररेटेड गेम कुठला?" तिथे "माहीत नाही" म्हणालात की उद्यापासून घरी बसा.

घाबरू नका. जो गेम आपल्या लॅपटॉपवर चालत नाही तो ओव्हररेटेड, एवढं पाठ करा. रेड डेड रिडेम्प्शन २ घ्या. जागा मागतो १५० जीबी. तुमच्या सिमला दिवसाला दीड जीबी, म्हणजे झाले १०० दिवस. मिरगाला लावलेलं डाउनलोड गणपतीच्या सुमाराला उतरणार, तेही मध्ये लाईट गेली नाही तर. आणि पावसात लाईट जात नाही म्हणणारा कोकणात फक्त मे महिन्यात येत असावा. एवढा खटाटोप कशाला? पाय हलवत सांगा, "नुसतं घोड्यावरून फिरायचं, दुसरं आहे काय त्यात?" अवघडपणासाठी नावाजलेल्या एल्डन रिंगला मात्र "फारच सोपा" म्हणा. खरोखर खेळलेला कोणी शेजारी बसलेला नाही ना, तेवढं आधी बघून घ्या.

मत वेळेवर फिरवताही यायला हवं. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली आणि ३ तारखेला धक्क्यावरच्या प्रत्येकाला तो पहिल्यापासूनच भिकार वाटत होता. जुलै २०२१ मध्ये तोच बीजीएमआय होऊन परतला, तेव्हा हीच मंडळी रात्री दीड वाजता गडग्यावर बसून नेटवर्क शोधत होती. यांच्याकडून शिका.

शेतीच्या गेमना नावं ठेवताना जरा जपून. स्टारड्यू व्हॅली २०१६ चा, एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने बनवलेला. त्यात पार्सनिप पेरलं की चार दिवसांनी काढणी. आमचा मुंबईचा चुलतभाऊ मे महिन्यात पडवीत बसून त्या पिकाला पाणी घालत होता. मागच्या आगरात पोफळी सुकत होत्या. आजीने चष्मा सारखा करून स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "मेल्या, थय पाणी घालतंस, मगे हय कोण घालतलो?" त्याने मान वर न करता सांगितलं, "आजी, हा रिलॅक्स होण्यासाठी आहे." इतकी नेमकी समीक्षा मी आजवर वाचलेली नाही. आजीची, त्याची नव्हे.

राहिला आवडता गेम. नाव असं घ्या की समोरच्याला उच्चारता येऊ नये. चुकूनही टीव्ही गेमची ती पिवळी कॅसेट आठवू नका, जिच्यावर '९९९९ इन १' लिहिलेलं असे आणि आत मोजून पंधरा-वीस गेम, बाकी त्यांचीच भुतं. फुंकर मारल्याशिवाय चालायची नाही. खाऱ्या हवेने पिना गंजायच्या, मग मामा रॉकेलचा बोळा फिरवायचा. टीव्ही एक, रिमोट दोन, पोरं सात, आणि शेवटच्या स्टेजला हमखास लाईट जायची. सेव्ह-बिव्ह काही नाही, पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून कोणी कॉन्ट्राचं नाव काढलंच तर दोन्ही हात खिशात घाला. नाहीतर जादा जीव मिळवायच्या त्या कोडसाठी अंगठा आपोआप वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं करायला लागतो, आणि समोरच्याचाही लागलेला असतो.