कपाटातला वैशाख

आमच्याकडे सोलं वाळवणं हा मे महिन्यातला राष्ट्रीय कार्यक्रम असतो. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया काढायच्या, सालं मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, परत रसात, परत उन्हात. अशी चार-पाच पुटं चढली की सोलं काळीभोर आणि मऊ होतात. या सगळ्याला लागतं ते फक्त ऊन, आणि नेमकं ते दोन वर्षांपूर्वी मेच्या तिसऱ्या आठवड्यात गायब झालं. खळ्यात पसरलेली सोलं आणि वरून धो धो वळीव. आई पडवीत उभी राहून आभाळाला जे बोलत होती ते इथे छापण्यासारखं नाही.

मी म्हटलं, "आई, काळजी करू नको. मी घरातच वैशाख आणतो."

माळ्यावर एक जुनं लोखंडी कपाट होतं. त्याच्या तळाला दीड हजार वॅटचा हीटर, वर एक पंखा, मधे जाळ्या आणि दारावर तापमान सांभाळणारा कंट्रोलर. ५५ अंश आकडा लावला की झालं. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत असलं यंत्र पहिलंच, त्यामुळे तीन दिवस बघ्यांची रीघ होती. त्यातल्या निम्म्यांनी "ह्यात पापड वाळतले काय?" एवढंच विचारलं.

हीटर चालू-बंद करायला आधी साधा रिले, म्हणजे कंट्रोलरच्या हुकमावर उघडझाप करणारा स्विच, होता. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये मी हौसेने दर दोन सेकंदांनी उघडझाप ठेवली, जेवढी बारीक तेवढी चांगली अशा समजुतीने. रात्रभर कपाटातून टिक, टिक, टिक. आई झोपेतून उठून म्हणाली, "रे, पाल चुकचुकता मरे सारखी. काय वायट घडूचा हा?" घडायचं ते घडलंच. दोन सेकंदांनी एक म्हणजे तासाला १८००, आठ तासांच्या रात्रीला १४,४००. साध्या रिलेचं आयुष्य पूर्ण भाराखाली साधारण लाखभर उघडझापींचं. सातव्या रात्री लाख भरले आणि आतले पॉइंट एकमेकांना कायमचे चिकटले. हा हिशोब मला आठव्या दिवशी सुचला.

मग सॉलिड स्टेट रिले. आत हलणारं काही नाही, आवाज नाही, झिजणं नाही. भाच्याला मुंबईत लॅमिंग्टन रोडला पिटाळलं. कोकणकन्येने तो कुडाळला उतरला तेव्हा त्याच्या बॅगेत आजीसाठी बाकरवडी आणि माझ्यासाठी २५ अँपिअर छापलेला पांढरा ठोकळा होता. मी जुना रिले काढला, ठोकळा बसवला, बटण दाबलं. काही नाही. हीटर थंड, ठोकळ्यावरचा दिवा बंद. दोन दिवस तारा उलटसुलट केल्यावर कळलं की माझा कंट्रोलर नुसता कोरडा संपर्क देणाऱ्या, म्हणजे स्वतः व्होल्ट न देता फक्त तारा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या जातीचा, आणि या ठोकळ्याला इनपुटला ३ ते ३२ व्होल्ट डीसी लागतात. दोन्ही जातींचे कंट्रोलर दिसायला जुळे, फरक मागच्या स्टिकरवरच्या एका अक्षराचा. ते अक्षर वाचायला मला चष्म्यावर भिंग धरावं लागलं. कंट्रोलर बदलला.

आता कपाट असं शांत झालं की आई दर तासाला येऊन ते जिवंत आहे का बघायची. ठोकळ्यावरचा छोटा लाल दिवा लुकलुकताना बघून मला कोण समाधान! पाचव्या दिवशी पहाटे घरभर करपल्याचा वास. आकडा ८६. दिवा बंद, पण हीटर धडधडीत चालू.

"सोलां नाय रे, कोळसो झालो ह्येचो," आई म्हणाली. तीन पुटं चढलेली सोलं होती. पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलणं झालं ते फक्त भाच्यामार्फत.

तो दिवा म्हणजे अर्जावर मारलेला 'पोचला' शिक्का असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कंट्रोलरचा हुकूम आला किंवा नाही आला, एवढंच तो सांगतो. पलीकडे काम झालं का, थांबलं का, याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि हे ठोकळे मरतात तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच मरतात. कारणही माझंच. साडेसहा अँपिअर त्यातून जातात तेव्हा आत सव्वा-दीड व्होल्ट अडकतो, म्हणजे आठ-नऊ वॅट नुसती उष्णता. मुठीएवढ्या वस्तूला ती पाठीवरून टाकायला ॲल्युमिनियमचा पत्रा हवा, मधे उष्णता पुढे नेणारी पेस्ट हवी. मी तो प्लायवूडवर स्क्रूने ठोकला होता. आणि तेही गरम कपाटाच्या आत.

दोन नवे ठोकळे आले, सोबत ॲल्युमिनियमचा पंख्यापंख्यांचा तुकडा. या वेळी आधी तपासून घ्यायचं ठरवलं. मल्टिमीटर लावला. इनपुट नाही, आउटपुटला काही जोडलेलं नाही, तरी काटा दोनशे व्होल्टच्या वर. दुसऱ्याचंही तेच. घरातला एलईडी बल्ब लावला तर तो काजव्यासारखा मिणमिणता. जुन्या ठोकळ्यावर तोच बल्ब लख्ख. मी निदान केलं की एक पूर्ण मेलेला, दोन अर्धमेले. दुकानदाराला फोन करून असं काही सुनावलं की आजही आठवलं की कान तापतात.

तेवढ्यात वायरमन आले. वय सत्तरीचं, मीटरपेक्षा नाकावर विश्वास. माझी कैफियत त्यांनी विडी विझेपर्यंत ऐकली.

"एलईडी मिणमिणता म्हणान रिले खराब? तुका कोणी सांगल्यान?"

पिशवीतून त्यांनी शंभराचा जुना तारेचा बल्ब काढला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, एखादी आजी सोन्याच्या पाटल्या ठेवते तसा. लावला. काळाकुट्ट अंधार. इनपुटला मोबाइलच्या चार्जरचे पाच व्होल्ट दिले, बल्ब लख्ख. काढले, अंधार. दुसरा ठोकळाही तसाच शहाणा. जुना लावला तर इनपुट न देताच बल्ब पेटलेला.

प्रकार असा की या ठोकळ्यात बंद असतानाही काही मिलिअँपिअर पाझरतात. मीटरला तेवढं पुरतं, एलईडीला मिणमिणायला पुरतं, तारेच्या बल्बाला त्यातलं काही जाणवतसुद्धा नाही. "म्हणान सांगतंय," वायरमन म्हणाले, "हेका स्विच समजा नको. आत हात घालूचो तर आधी प्लग काढ." मग त्यांनी स्वतःहून हीटरच्या तारेत एक थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा फ्यूज, बसवला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. सोलं मात्र मागितली, नेमकी तीच नव्हती.

दुकानदाराला परत फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, रोज दोघे तरी एलईडी लावून मला शिव्या देतात.

सगळं नीट जोडून मी बटण दाबलं. आकडा ३१. मग २९. मग २६. कपाट चक्क थंड होत होतं, आणि दिवा तर अखंड पेटलेला. २२ वर आलं तेव्हा मी बाहेर येऊन अभिमानाने सांगितलं की काहीतरी गडबड आहे, हीटर चालत नाही. आईने दार उघडून आत हात घातला आणि झटक्यात मागे घेतला.

"तुझा यंत्र थंड झाला म्हणता, माझो हात पोळलो!"

तापमान मोजणारा सेन्सर मी या वेळी नवा लावला होता, त्याच्या दोन तारा उलट्या लागल्या होत्या. तापेल तसा आकडा उतरणार, आकडा उतरला म्हणून कंट्रोलर आणखी तापवणार. लाल म्हणजे प्लस असं धरून मी चाललो होतो, आणि माझ्या नव्या सेन्सरमध्ये अमेरिकन पद्धतीने लाल मायनस होती. तारा फिरवल्या. आकडा शिस्तीत चढला, ५५ ला थांबला, दिवा लुकलुकू लागला.

त्याच दुपारी लख्ख ऊन पडलं. आईने उरलेले रातांबे फोडून सालं खळ्यात टाकली आणि काठी घेऊन कोंबड्या हाकायला बसली.

कपाट फुकट गेलं नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून त्यात मुलाचे मोजे वाळतात. ४५ अंशाला. आत हात घालण्याआधी प्लग आई काढते.