तुरीतला गांजा आणि हसणारे स्मायली

सकाळपासून तालुक्याच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. तुरीच्या रानात पोलीस ओळीनं उभे, मधोमध मान खाली घातलेला म्हातारा, त्याच्या हातात गांजाचं झाड दिलेलं. खाली स्मायलींचा पाऊस. "काकांची शेती जोरात." "आता हमीभाव कशाला पाहिजे." हसा लेकानो, हसा.

माझ्या मामाचाही असाच फोटो निघाला होता. गुडघे गेले म्हणून मामानं रान बटईनं दिलं. तूर पुरुषभर वाढली, बटईदारानं मधल्या ओळींत गांजा लावला. बांधावरून काही कळत नाही, आणि कोवळं झाड दिसलंच तर लांबून अंबाडीच वाटते. धाड पडली त्या दिवशी बटईदार पसार. सातबारा मामाच्या नावावर, म्हणून गाडीत मामा.

गांजा वाईटच. गल्लीतली चांगली शिकणारी पोरं वाया गेलेली मीही बघितलीत. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

पण तोलायची तऱ्हा बघा. झाडं मुळासकट उपटली, मुळाला काळ्या मातीची ढेकळं तशीच, आणि आडत्याचा काटा आणून त्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी पेपरात "क्विंटलभर गांजा". अहो, १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांपासून वेगळी झालेली पानं आणि बी त्यात धरत नाहीत. माती तर कुठल्याच कायद्यात नशा देत नाही! लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे, निदान वजन तरी नीट करा.

तिकडं मध्य प्रदेशात मंदसौर, नीमचला शेतकरी सरकारी परवान्यानं अफू लावतो, चीक सरकार घेतं. त्याच बोंडातली खसखस आपण दिवाळीला अनारशांना लावतो. इथं २०२१ मध्ये सोलापूरकडच्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं गांजा लावायची परवानगी कलेक्टरकडे मागितली, तर त्याच्यावरही लोक हसले. परवाने वाटा असं मी म्हणत नाही. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये कागदावर होता, आडतीवर काय मिळाला ते तुम्हाला माहीतच आहे, एवढंच म्हणते.

आणि मला सांगा, मामा तो माल काय बाजार समितीत नेणार होता? बी आणून देणारा कोण, वाळलेला माल रात्री उचलणारा कोण? त्यांचा फोटो काढायला कुणाचा मोबाइल चालत नाही.

रानातली बेकायदा लागवड जमीनमालकानं कळवावी, हे त्याच कायद्याचं कलम ४६. मामाला कळायला हवं होतं, मान्य. पण त्याला लागूनच ४७ आहे. सरकारी अधिकारी, पंच, सरपंच, गावचे कारभारी, यांना समजलं की त्यांनीही तात्काळ कळवायचं. मामाच्या वस्तीवर सगळ्यांचं येणं-जाणं होतं. चहा घेऊन गेले सगळे. धाडीच्या दिवशी मात्र एकजात "आम्हाला काय माहीत". आज स्मायली टाकणाऱ्यांत किती आजी-माजी सरपंच आहेत ते बघा जरा, मग बोलू.

राग जाऊ द्या. सोमवारी मामाची तारीख आहे. त्याला एसटीत चढवत नाही. सकाळी कुणाची गाडी लातूरकडं रिकामी जाणार असेल तर मला फोन करा, डिझेलचे पैसे देईन.