बाहेर पडायला क्यू दाबा

ऑफिसच्या गोदामातला साठा नोंदवायला मी टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, चालणारा एक प्रोग्राम लिहिलाय. बेरीज-वजाबाकी कधीच झाली. घोडं अडलंय ते कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं यावर.

"त्यात काय एवढं? सेव्हला कंट्रोल-एस ठेव," गोदाम सांभाळणारे काका म्हणाले. अहो काका, टर्मिनलमध्ये कंट्रोल-एस म्हणजे 'थांब'! तारेवरून आलेला मजकूर कागदावर छापणाऱ्या टेलिटाइप यंत्रांच्या काळातली ती खूण. यंत्रं भंगारात गेली, खूण मात्र ठाण मांडून आहे. कंट्रोल-क्यू दाबेपर्यंत स्क्रीन ढिम्म. हे माहीत नसलेला माणूस खिडकीच बंद करून टाकतो.

ही सोय बंद करता येते म्हणा. पण पुढे कंट्रोल-सी प्रोग्राम मारायला, कंट्रोल-झेड निजवायला. सगळ्या जागा आधीच रुमाल टाकून अडवलेल्या! कंट्रोल-एम मोकळं वाटतं, पण ते म्हणजे साक्षात एंटर. आस्कीत, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात, एमचा क्रमांक ७७. कंट्रोल त्यातून ६४ काढून घेतो, उरतात १३, आणि १३ म्हणजे एंटर. कुठलं बटण दाबलं हे प्रोग्रामला कळतच नाही, पोचतो नुसता आकडा. कंट्रोल-एमला 'माल भरा' द्यावं, तर प्रत्येक एंटरला गोदामात पोती वाढणार.

एस्केपची तऱ्हा आणखी वेगळी. वरचा बाण दाबला की एस्केप, चौकटी कंस आणि ए असे तिघे ओळीने येतात. त्यामुळे एस्केप दिसला की दारात आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं विचारावं लागतं, "एकटेच आलात, की मागून मंडळी येतायत?" टर्मिनलचे प्रोग्राम लिहायला वापरतात ती एनकर्सेस ही लायब्ररी, काही सांगितलं नाही तर, अशी १००० मिलिसेकंद वाट बघते. तेवढ्यात काकांनी एस्केप आणखी तीनदा बडवलेला असतो. कोविद गोयल यांच्या किटी टर्मिनलने प्रत्येक बटणाला स्वतंत्र ओळख देणारी पद्धत काढली आहे, पण गोदामातल्या टर्मिनलला तिचा गंध नाही.

खरी मजा पुढेच. काका मालाची नावं मराठीत, इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डमध्ये भरतात. स्क्रीनवर खाली मी लिहिलंय, 'बाहेर पडायला क्यू दाबा.' इन्स्क्रिप्ट चालू असताना क्यू दाबलं की उमटतो 'ौ'. व्यंजनाविना, अधांतरी लोंबकळणारा.

"तुझा प्रोग्राम सोडत नाही रे मला!"

नोंद पुसताना विचारतो, 'वाय की एन?' इन्स्क्रिप्टमध्ये वायला 'ब' येतो आणि एनला 'ल'. शेवटी प्रोग्रामला शिकवलं, की बाबा रे, 'ब' आला तर हो समज, 'ल' आला तर नाही आणि 'ौ' आला तर काकांना घरी जाऊ दे.

"होला ब आणि नाहीला ल?" काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "त्यापेक्षा माऊस दे ना सरळ."

माऊसची क्लिकसुद्धा एस्केपनेच सुरू होते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.