गायकालाच नकोसा अल्बम? ‘कोल्ड स्प्रिंग हार्बर’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतकी सविस्तर आणि इतकी चिडून लिहिलेली प्रतिक्रिया बऱ्याच दिवसांनी आली. तिची दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे लांबलचक उत्तर.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: अमेरिकन गायक-पियानोवादक बिली जोएलचा १९७१ चा पहिला एकल अल्बम ‘कोल्ड स्प्रिंग हार्बर’ उगाच अडगळीत पडलाय, तो नीट ऐकायला हवा, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप असे: खुद्द गायकालाच हा अल्बम नकोसा आहे, शब्द कॉलेजच्या वहीतले आहेत, सगळी एल्टन जॉन या ब्रिटिश गायक-पियानोवादकाची नक्कल आहे, आणि मी कौतुक करतोय ते १९८३ साली डागडुजी केलेल्या आवृत्तीचं, मूळ अल्बमचं नव्हेच. शिवाय ‘पडेल मालाला अभिजात म्हणायची फॅशन’ हा जाता जाता हाणलेला टोला.

गायकाला तो नकोसा वाटला, हे खरंच आहे. पण नेमकं काय नकोसं वाटलं? निर्माता आर्टी रिपच्या ‘फॅमिली प्रॉडक्शन्स’साठी हा अल्बम लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित झाला. मास्टरिंगच्या, म्हणजे छपाईसाठी शेवटची प्रत तयार करण्याच्या वेळी टेप ठरलेल्या वेगापेक्षा जलद फिरली आणि तबकड्या तशाच छापून बाजारात गेल्या. टेप जलद फिरली की गाणं लवकर संपतं एवढंच होत नाही, सूरही चढतो. सर्वसाधारण हिशेब असा, की वेग सहा टक्क्यांनी वाढला तर काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्धा सूर वर, गातोय असं ऐकू येतं. तेही एक वेळ चाललं असतं. गायक स्वतः पट्टी चढवून गातो तेव्हा गळा त्याचाच राहतो. टेपने पट्टी चढवली की आवाजाची जातच बदलते, छाती लहान झाल्यासारखी वाटते. बावीस वर्षांच्या जोएलचा आवाज त्या तबकडीवर मिसरूड न फुटलेल्या पोराचा वाटतो तो त्यामुळे. पियानोचंही तेच. हातोडी तारेवर पडल्यावर स्वर सावकाश विरत जातो, त्या विरण्यात निम्मा पियानो असतो. इथे ते विरणंसुद्धा घाईघाईत उरकलं जातं.

आपला पहिलावहिला अल्बम या अवस्थेत हातात पडल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. त्यात रिपबरोबरचा करार इतका एकतर्फी, की जोएल पुढे कोलंबिया या बड्या ध्वनिमुद्रण कंपनीकडे गेला तरी त्याच्या अल्बमांवर फॅमिलीचं बोधचिन्ह छापलं जात राहिलं आणि कमाईतला वाटा कित्येक वर्षं रिपकडे जात राहिला. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बारमध्ये ‘बिल मार्टिन’ या नावाने पियानो वाजवत बसलेला जोएल याच करारापासून तोंड लपवत होता. ‘पियानो मॅन’ तिथूनच आलं. ते तुमचं आवडतं गाणं आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून आठवण करून दिली.

म्हणजे राग होता तो तबकडीवर आणि व्यवहारावर. गाण्यांवर होता का? १९८१ चा त्याचा ‘साँग्ज इन द अॅटिक’ (माळ्यावरची गाणी) हा अल्बम काढून बघा. ‘द स्ट्रेंजर’ आणि ‘फिफ्टी सेकंड स्ट्रीट’ हे अल्बम तुफान खपल्यानंतर, आधीच्या चार अल्बमांमधली मनासारखी ध्वनिमुद्रित न झालेली गाणी त्याने आपल्या वाद्यवृंदासह रंगमंचावर वाजवून नव्याने नोंदवली. त्यात या ‘नकोशा’ अल्बममधली दोन आहेत: ‘शीज गॉट अ वे’ बोस्टनच्या एका क्लबमधलं आणि ‘एव्हरीबडी लव्ह्ज यू नाऊ’ वॉशिंग्टनमधलं. त्यातलं पहिलं पुढे सिंगल (सुटं गाणं) म्हणून आलं आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या पंचविसात पोचलं, मूळ गाण्यानंतर दहा वर्षांनी. ज्याला आपली गाणी फेकून द्यायची असतात तो ती माळ्यावरून काढून, झाडून-पुसून लोकांसमोर मांडत नाही.

आता १९८३ ची आवृत्ती. तुमच्या आक्षेपांमध्ये हाच सगळ्यात दमदार आहे. वेग दुरुस्त केला तो रिपनेच, जोएलला न विचारता, आणि नुसता वेग दुरुस्त करून तो थांबला नाही. ‘एव्हरीबडी लव्ह्ज यू नाऊ’ आणि ‘टर्न अराउंड’वर नवे ड्रम्स आणि बेस चढवले. ‘यू कॅन मेक मी फ्री’च्या शेवटी वादक मोकाट सुटतात तो भाग कापला, गाणं जवळजवळ तीन मिनिटांनी छोटं केलं. या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा आहे. त्या गाण्याला तो पसारा हवाच होता. आता ते जेवता जेवता पानावरून उठवल्यासारखं संपतं.

पण ‘टुमॉरो इज टुडे’चं काय? त्याच्यावरची व्हायोलिनं, बेस आणि ड्रम्स १९८३ मध्ये काढून टाकले, आणि माझ्या मते अख्ख्या अल्बममधलं सर्वांत चांगलं काम तेच झालं. हे गाणं कुठून आलं ते ठाऊक असेल तर पटेल. १९७० मध्ये जोएलने जीव देण्याचा प्रयत्न केला होता, नंतर काही काळ तो रुग्णालयात होता. त्या दिवसांत लिहिलेल्या चिठ्ठीतून हे गाणं निघालं. उद्या म्हणजे आजच, पुन्हा तेच, एवढाच त्याचा आशय. पियानो जड पावलांनी चालतो. मग मध्येच चर्चमधल्या गॉस्पेलसारखा एक तुकडा उसळून येतो, नदीकडे निघालोय, देव सोडवील म्हणणारा, आणि तिथे आवाज मुद्दाम खरखरीत होतो. तो तुकडा संपल्यावर पियानो पुन्हा पहिल्या चालीवर येतो, काहीच घडलं नसल्यासारखा. यावर व्हायोलिनांचा थर कशाला? तेव्हा ‘मूळ तेच अस्सल’ हा नियम निदान इथे तरी चालत नाही. दोन्ही आवृत्त्या ऐकून गाण्यागणिक निवड करावी लागते, आणि मी मूळ लेखात तेच केलंय.

शब्दांबद्दल. ‘यू लुक सो गुड टू मी’ पोरकट आहे, त्याच्यासाठी मी भांडणार नाही. ‘व्हाय ज्युडी व्हाय’मध्ये बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीचं वेड लपत नाही. पण तुम्ही ‘शीज गॉट अ वे’लाही त्याच रांगेत बसवलंत, ते मात्र पटलं नाही. जोएलची रीत चाल आधी, शब्द नंतर अशी आहे. आपल्याकडच्या सिनेसंगीतात चालीवर शब्द लिहिण्याची पद्धत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे, त्यामुळे ही भानगड आपल्याला नवी नाही. अशा गाण्यात शब्द कागदावर वाचून निकाल देता येत नाही. तिच्यात काहीतरी आहे, काय ते मला कळत नाही, एवढंच तो म्हणतो, आणि ते न कळणं चालीत आहे: ओळ वर जाते, जरा अडखळते, खुलासा न करताच खाली येते. जास्त हुशार शब्द तिथे अडचण झाले असते.

एल्टन जॉनच्या नकलेचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. १९७० मध्ये एल्टन अमेरिकेत गाजल्यावर कंपन्या पियानोवाल्यांच्या शोधात होत्या, हे मान्य. पण एल्टनचं काम अगदी उलटं: बर्नी टॉपिनने लिहिलेला कागद समोर ठेवून तो चाल बांधायचा. शब्द दुसऱ्याचे, गोष्टी दुसऱ्याच्या, त्यामुळे त्याला नाटकी होता येतं. जोएलकडे या अल्बमात लपायला दुसरा माणूस नाही. आणि वर्षभरापूर्वी हाच गडी ‘अटिला’ नावाच्या दोघांच्या जोडीत ऑर्गन गिटारच्या अॅम्प्लिफायरमधून घालून कानठळ्या बसवत होता. तो अल्बम ऐकलात तर ‘कोल्ड स्प्रिंग हार्बर’ची शांतता कुठून आली ते कळेल. (ऐकाच असा आग्रह नाही.)

‘एव्हरीबडी लव्ह्ज यू नाऊ’बद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, याचं नवल वाटलं. उजवा हात सुरुवातीपासून गिटार झोडपावी तसा सूर बडवत सुटतो आणि थांबायचं नावच घेत नाही. अल्बमचं नावही याच गाण्यात येतं: तू आता सगळ्यांची लाडकी झालीस, कोल्ड स्प्रिंग हार्बरला यायला तुला सवड कुठली? लाँग आयलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे गाव. जीवशास्त्रवाल्यांना ते प्रयोगशाळेमुळे ठाऊक असतं, जोएल शेजारच्याच पट्ट्यातल्या हिक्सव्हिलचा. प्रसिद्धीने माणूस कसा बिघडतो यावरचं हे गाणं त्याला कुत्रंही विचारत नव्हतं तेव्हाचं आहे. म्हणून त्यात नुसता उपदेश नाही, हेवा आहे, आणि मला तो प्रामाणिक वाटतो.

‘नॉक्टर्न’ला तुम्ही ‘भरताड’ म्हणालात. एकही शब्द नसलेला, नुसत्या पियानोचा तीनएक मिनिटांचा तुकडा रॉकच्या अल्बममध्ये घालायला धाडस लागतं. तीस वर्षांनी, २००१ मध्ये, याच माणसाने ‘फँटसीज अँड डिल्यूजन्स’ नावाचा पियानोरचनांचा अख्खा अल्बम काढला. वाजवल्या दुसऱ्याने, रचना याच्या. तेव्हा तो बदल सगळ्यांना अचानक वाटला. ‘नॉक्टर्न’ ऐकलेल्यांना वाटायचं कारण नव्हतं.

आणि ‘आता एल्टनवर कधी लिहिणार’ या तुमच्या खोचक प्रश्नाचं उत्तर: लवकरच, ‘टंबलवीड कनेक्शन’वर. तोही सुरुवातीचाच अल्बम आणि तिथे मी टॉपिनच्या शब्दांवर बऱ्यापैकी तोंडसुख घेणार आहे. तेव्हाही अशीच सणसणीत प्रतिक्रिया येऊ द्या. फक्त त्याआधी ‘टुमॉरो इज टुडे’ दोन्ही आवृत्त्यांमध्ये एकदा लागोपाठ ऐका आणि व्हायोलिनं ठेवायची की काढायची ते सांगा.