आजोबांची पॉलिसी पस्तीत कशी घालावी

समजा, तुमच्या आजोबांचा बडोद्यात मकरपुऱ्यातला नाहीतर गोरव्यातला कारखाना बंद पडून जमाना झालाय. शेडचे पत्रे भंगारात गेलेत आणि आता त्या जागेवर टू-थ्री बीएचकेची स्कीम टाकायचा विचार आहे. तर सगळ्यात आधी दांडिया बाजारातल्या जुन्या घराचा माळा साफ करून घ्या. पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, सकाळी लवकरच बोलवा. दुपार झाली की घरातलं कोणीतरी कागद वाचत बसतं.

माळ्यावर पत्र्याची पेटी असेल. तिच्यात लाल कापडी बांधणीचे चोपडे, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, कडेला वाळवीची नक्षी. दर लक्ष्मीपूजनाला आपण यांनाच हात जोडले, पण पान काही उलटलं नाही. ती परंपरा आताच मोडू नका. कारण एखाद्या रोजकिर्दीत दिवाणजींच्या तिरप्या अक्षरात ‘विमा हप्ता, पब्लिक लायबिलिटी’ असं लिहिलेलं निघायचं, म्हणजे कारखान्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा; पुढे चेकचा नंबर आणि पॉलिसीचाही. खाली गंजलेल्या टाचणीत एजंटचं पत्र. मूळ पॉलिसी नसली तरी असल्या नोंदी, ऑडिट रिपोर्ट, संचालकांच्या सभेची इतिवृत्तं यांवरून ती होती हे दाखवता येतं. म्हणून नुसती पॉलिसी फाडून भागणार नाही. चोपडेही किलोवर घाला.

अमेरिकेतल्या कारखानदारांनी ही काळजी घेतली नाही. तिकडे १९८० मध्ये दूषित जागांच्या सफाईसाठी सुपरफंडचा कायदा आला आणि पूर्वी पुरलेल्या रसायनांचा खर्चही कंपन्यांच्या गळ्यात पडला. मग त्यांनी पन्नास, साठ, सत्तरच्या दशकांतल्या पॉलिस्या उकरून काढल्या. त्या ‘ऑकरन्स’ पद्धतीच्या होत्या. म्हणजे नुकसान पॉलिसीच्या मुदतीत झालेलं असलं की पुरे, दावा कितीही वर्षांनी येवो. त्यातून गळती वीस वर्षं चाललेली असेल, तर बऱ्याच राज्यांतल्या कोर्टांनी त्या प्रत्येक वर्षाची पॉलिसी जागी केली. विमा कंपन्यांनी हाय खाल्ली आणि १९८६ च्या सुमारास नव्या पॉलिस्यांतून प्रदूषण सरसकट वगळून टाकलं. जुन्या पॉलिस्यांचं मात्र त्यांना काही करता येईना. आता जुने विमा कागद शोधून देणं हा तिकडे चक्क एक धंदा आहे.

आपल्याकडे आता पब्लिक लायबिलिटी बहुतेक दावा येईल त्या वर्षीच्या पॉलिसीवर चालते. आजोबांच्या पॉलिसीत कलम कसं होतं, हे ती वाचल्याशिवाय कळणार नाही. तेव्हा वाचू नका. कोणी विचारलंच तर ‘ती कंपनीच आता कुठे आहे?’ म्हणा. यावर कोणी सांगेल की १९७३ च्या सुरुवातीला १०७ विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन त्या नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चौघींत गेल्या, आणि चौघी आजही आहेत. अशा माणसाला चहा पाजून वाटेला लावा.

खरी कसोटी मात्र नोटीस आल्यावर आहे. समजा कारखाना क्रोमचा होता. खनिज भाजून डायक्रोमेट हे रसायन काढलं की जो गाळ उरतो, त्यात विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम राहतं. तो पावसाळ्यामागून पावसाळे उघड्यावर भिजतो आणि एक दिवस मागच्या शेतातल्या बोअरला हळदीसारखं पिवळं पाणी येतं. शेतकरी ते बाटलीत भरून तुमच्या दारात उभा राहतो. अशा वेळी तुम्ही काय म्हणता? ‘आमचं काहीही कुंपणाबाहेर गेलेलं नाही.’ शाब्बास! लायबिलिटी पॉलिसी पैसे देते ते दुसऱ्याच्या नुकसानीचे, स्वतःच्या जमिनीचे नव्हेत. रसायन कुंपणातच राहिलं असेल तर विमा कंपनीचा संबंध संपला. तुमच्या एका वाक्याने तिचा वकील मोकळा आणि शेतकरीही बाटली घेऊन परत. एवढ्यावर थांबू नका. ‘गाळ मागे टाकायचा हे आजोबांनी ठरवूनच केलं होतं, तेव्हा सगळेच तसं करायचे’ हेही लेखी देऊन टाका. जाणूनबुजून केलेल्याला अपघात म्हणत नाहीत, त्यामुळे उरलेली धुगधुगीही गेली. आणि विमा कंपनीला कळवायची घाई नको. उशिरा कळवलं हे तिला दावा नाकारायला आवडीचं कारण आहे, तिचा हिरमोड कशाला करायचा?

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांचे नवे नियम काढलेत. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या, मग तपासणी, आणि जबाबदार ठरेल त्याने सफाईचा खर्च सोसायचा. त्याला झेपलं नाही तर केंद्र आणि राज्य भरणार. ते ‘झेपलं नाही’ पाठ करून ठेवा. कंपनी गुंडाळलेली, खातं रिकामं, पॉलिसी पस्तीत. झेपणार कसं? मग गाळ उचलायचा खर्च रावपुऱ्यातला शेव-उसळवाला आणि पाणीवेरा (पाणीपट्टी) वेळेवर भरणाऱ्या वहिनी मिळून करतील. हप्ते त्यांनी भरले नव्हते, पण मन मोठं आहे बिचाऱ्यांचं.

राहता राहिली स्कीम. ब्रोशरवर झाडं भरपूर दाखवा, नावात ‘ग्रीन’ असू द्या, आणि बोअर कुठे मारणार असं गिऱ्हाइकाने विचारलं तर नर्मदेचं पाणी येणार म्हणून सांगा. बांधकामाचा नवा विमाही उतरवा आणि त्याच्या तीन झेरॉक्स काढून लॉकरमध्ये ठेवा. त्यात प्रदूषण वगळलेलं आहे ना, एवढं तेवढं बघून घ्या.