‘फायरवॉल बंद करा, एसएमबी-१ चालू करा’: फिरत्या मेसेजला मुद्द्यांनी उत्तर

जुन्या कॉम्प्युटरवरच्या फाइली नव्या लॅपटॉपवर दिसत नाहीत, अशी कोणी तक्रार केली की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज येऊन पडतो. त्यात चार उपाय असतात: वर्कग्रुपचं नाव दोन्हीकडे सारखं करा, फायरवॉल (बाहेरून येणारी कनेक्शनं अडवणारा पहारा) बंद करा, शेअरिंगला लागणारा पासवर्ड बंद करून फोल्डरला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ (कोणालाही सगळी मुभा) द्या, आणि एसएमबी-१ (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची विंडोजची जुनी पद्धत) चालू करा, कारण ‘नवं विंडोज ७ आणि एक्सपीला ओळखतच नाही’. यातला पहिला उपाय निरुपयोगी आहे, दुसरा धोक्याचा, तिसरा हल्ली उलटा पडतो आणि चौथा फक्त एक्सपीपुरता खरा आहे.

मेसेजात नसलेला प्रश्न आधी घेऊ. दोन्ही कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर आहेत का? गोव्यात चिऱ्याच्या जाड भिंतींची लांबलचक घरं, पुढच्या खोलीतलं वाय-फाय मागे पोचत नाही. म्हणून फायबरच्या राउटरला केबल जोडून मागच्या बाजूला दुसरा राउटर बसवलेला असतो. ही केबल दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टात (इंटरनेटची केबल घालायच्या जागी) गेली की घरात दोन नेटवर्क झाली: पुढे १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते आणि मागे १९२.१६८.० ने. याची खूण ठरलेली आहे. मागच्या खोलीतून पुढचा कॉम्प्युटर उघडतो, पण पुढून मागचा काही केल्या उघडत नाही. अशा वेळी विंडोजमध्ये काहीही बदललं तरी उपयोग नाही. दुसऱ्या राउटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोड (नवं नेटवर्क न करता फक्त वाय-फाय पसरवणारा) असेल तर तो लावा. नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या रांगेतला पण कोणी न वापरलेला द्या, त्याचं डीएचसीपी (कॉम्प्युटरना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात घाला. ‘गेस्ट’ वाय-फायवर असलेला लॅपटॉपही असाच तुटक राहतो.

आता मेसेजातले उपाय.

‘वर्कग्रुप सारखा हवा.’ नको. वर्कग्रुप म्हणजे यादीत कॉम्प्युटर कुठल्या गटाखाली दाखवायचा एवढंच. आत शिरायला त्याची गरज नसते. यादीत कॉम्प्युटर न दिसणं आणि तो न उघडणं हे दोन वेगळे आजार आहेत. एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत \\ आणि लगेच त्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता (१९२.१६८ ने सुरू होणारा) टाइप करून एंटर मारा. फोल्डर उघडला तर शेअरिंग धडधाकट आहे, फक्त यादी बिघडलीय. जुनी यादी एसएमबी-१ च्या आधाराने बनायची. आताची ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ या सर्व्हिसवर चालते. ती दोन्हीकडे ‘ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)’ करून सुरू करा. किंवा यादीचा नाद सोडा, राउटरमध्ये जुन्या कॉम्प्युटरचा पत्ता कायमचा राखून ठेवा आणि शॉर्टकट करा. हा रस्ता जास्त टिकतो. आणि होमग्रुप (घरगुती शेअरिंगची जुनी सोय) शोधत बसू नका, २०१८ सालच्या १८०३ आवृत्तीपासून तो विंडोज १० मधून काढून टाकलाय.

‘फायरवॉल बंद करा.’ फायरवॉलमध्ये शेअरिंगसाठी वेगळा दरवाजा आहेच, तो नेटवर्क ‘प्रायव्हेट’ असेल तर उघडतो. राउटर बदलला की विंडोजला ते नेटवर्क नवीन वाटतं आणि ते ‘पब्लिक’ होऊन बसतं. ‘कालपर्यंत चालत होतं’ या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. नव्या विंडोजमध्ये ते प्रायव्हेट करा, ७ मध्ये ‘होम’ किंवा ‘वर्क’ निवडा आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’वर खूण आहे का बघा. विकतचा अँटिव्हायरस असेल तर त्याची वेगळी फायरवॉल असते, तिथेही हे नेटवर्क विश्वासाचं म्हणून नोंदवावं लागतं. तपासायला पिंगवर (पलीकडचा कॉम्प्युटर उत्तर देतो का ते बघणारी कमांड) भिस्त ठेवू नका. नव्या मशीनवर पॉवरशेलमध्ये (कमांड टाइप करायची विंडोजची खिडकी) टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड जुन्याचा पत्ता आणि पोर्ट ४४५ (फाइल शेअरिंगचा दरवाजा) देऊन चालवा. उत्तर ‘ट्रू’ आलं की फायरवॉलचा विषय संपला, पुढची भानगड परवानगीची. ‘फॉल्स’ आलं तर जुनं मशीन झोपी गेलेलं नाही ना, तेही बघून घ्या.

‘पासवर्ड बंद, एव्हरीवन, फुल कंट्रोल.’ सगळ्यात जास्त नुकसान या उपायाने होतं. पासवर्ड काढला की आत येणारा ‘गेस्ट’ म्हणून येतो, आणि विंडोज ११ प्रो २४एच२ आवृत्तीपासून अशा पाहुण्याचं कनेक्शन मुळातच नाकारतं. त्या आवृत्तीत प्रत्येक कनेक्शनवर डिजिटल सही (मजकूर वाटेत बदललेला नाही याची खूण) सक्तीची आहे आणि गेस्टला सही करता येत नाही. मग पडद्यावर येतं की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे प्रवेश नाही. घरात कुठली आलीय संस्था! म्हणजे शेअरिंग चालावं म्हणून केलेला उपायच ते बंद पाडतो. होम आवृत्तीत ही सक्ती नाही, म्हणून शेजाऱ्याकडे चालतं आणि आपल्याकडे नाही. शिवाय फोल्डरमध्ये जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यांचे स्कॅन असतील, तर चवथीला आलेल्या भाच्याच्या लॅपटॉपमधलं रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) ‘फुल कंट्रोल’च्या जोरावर ते सगळे कुलूपबंद करू शकतं.

त्याऐवजी जुन्या विंडोज ७ वर साधं ‘स्टँडर्ड’ अकाउंट उघडा आणि त्याला पासवर्ड द्या. रिकामा पासवर्ड नेटवर्कवरून चालत नाही. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग, अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स असं जा, ‘एव्हरीवन’ काढा, नवं अकाउंट घाला आणि ‘चेंज’ द्या. इथे थांबलात तर फसाल. शेजारच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये त्याच अकाउंटला ‘मॉडिफाय’ द्यावं लागतं, कारण दोन्हींपैकी जी परवानगी कडक तीच लागू होते. नव्या मशीनवर ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ करताना ‘वेगळ्या ओळखीने जोडा’वर खूण करा आणि नावाच्या जागी जुन्या कॉम्प्युटरचं नाव, मग \, मग अकाउंट असं लिहा. पुढचं कॉम्प्युटरचं नाव गाळलं तर नवं विंडोज स्वतःचंच नाव चिकटवतं आणि पासवर्ड बरोबर असूनही चूक ठरतो. शेअरिंग उलट दिशेने, म्हणजे फोल्डर नव्या मशीनवर असेल तर लक्षात ठेवा: लॉगिनचा पिन इथे चालत नाही, अकाउंटचा पासवर्डच लागतो. आधीच्या फसलेल्या प्रयत्नांची नावं ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये (विंडोजची नावं-पासवर्ड जपणारी वही) अडकून राहतात, ती पुसा. एरर १२१९ आली तर त्याच मशीनशी दुसऱ्या नावाने कनेक्शन आधीच उघडं आहे. ते तोडा, नाहीतर लॉग आउट करून पुन्हा या.

‘एसएमबी-१ चालू करा.’ विंडोज ७ ला एसएमबी २.१ येतं आणि विंडोज ११ शी बोलायला ते पुरतं. खात्री हवी तर जोडणी उघडी असताना पॉवरशेलमध्ये गेट-एसएमबीकनेक्शन चालवून ‘डायलेक्ट’चा रकाना वाचा, एसएमबीची कुठली आवृत्ती चालू आहे ते तिथे दिसतं. एसएमबी-१ शिवाय ज्याचं अडतं तो एक्सपी. मे २०१७ मधला वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर हल्ला याच एसएमबी-१ मधल्या भोकातून पसरला, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी-१ हद्दपार होऊ लागला.

एक्सपी ठेवायचाच असेल, जुन्या स्कॅनरसाठी किंवा टॅलीसाठी, तर फोल्डर एक्सपीवर शेअर करा आणि नव्या मशीनने तिथून फाइली ओढून घ्याव्यात. मग नव्यावर ‘विंडोज फीचर्स’मध्ये एसएमबी-१ चा फक्त ‘क्लायंट’ (फाइली मागणारा भाग) बसवावा लागतो, ‘सर्व्हर’वरची (फाइली देणाऱ्या भागावरची) खूण काढूनच ठेवा. एक्सपीला आयपी पत्ता हाताने द्या आणि ‘डीफॉल्ट गेटवे’ची (बाहेर जायच्या रस्त्याची) चौकट रिकामी सोडा: घरात फाइली फिरतील, पण इंटरनेट त्याला मिळणार नाही. नव्या मशीनवरच्या ‘विंडोज फीचर्स’च्या यादीत ‘ऑटोमॅटिक रिमूव्हल’ असं एक कलम आहे. त्यावर खूण राहिली तर मशीन चालू असल्याचे १५ दिवस एसएमबी-१ वापरला गेला नाही की विंडोज तो गुपचूप काढून टाकतं, आणि मग व्यवस्थित चालणारं शेअरिंग एक दिवस अचानक ‘एरर ०x८००७००३५’ दाखवू लागतं. फाइली एकदाच हलवायच्या असतील तर यातलं काहीच करू नका. पेनड्राइव्ह लावा, फक्त तो एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. नाहीतर एक्सपीची हार्ड डिस्क काढून (डिस्कची जोडणी ज्या प्रकारची असेल तसा) आयडीई किंवा साटा ते यूएसबी अ‍ॅडाप्टरने सरळ नव्या लॅपटॉपला जोडा.