जांभळ्या फाउंटन ग्रासचं फॉरवर्ड आणि मुंबईची गॅलरी

“फ्लॅटसाठी एक नंबर! जांभळं फाउंटन ग्रास. ऊन नको, पाणी नको, छाटणी नको. बियांचं पाकीट मागवा, महिन्याभरात गॅलरी भरेल. रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतं.” हा मजकूर फोटोसकट सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. गवत देखणं आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद बाकी सगळ्याबद्दल आहे.

ऑक्सिजनचं आधी उरकू. वनस्पती ऑक्सिजन सोडतात तो उजेडात; रात्री त्याही आपल्यासारखाच श्वास घेतात. ज्या स्नेक प्लांटवरून ही आवई उठली, तोसुद्धा रात्री फक्त कार्बन डायऑक्साइड साठवतो, ऑक्सिजन दिवसाच सोडतो.

ऊन नको? पात्यांचा जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, आणि तो कडक उन्हातच गडद होतो. रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. समोर दुसरा टॉवर उभा असलेल्या गॅलरीत हेच गवत हिरवट पडतं, पाती लोळतात आणि तुरे जेमतेम येतात. पावसाळ्यात सूर्य दडी मारतो तेव्हाही रंग उतरतो. घाबरून खत ओतू नका. नत्र जास्त झालं की पाती आणखी आडवी होतात. ऑक्टोबर हीट लागली की नव्या पात्यांवर रंग परत चढतो.

पाणी नको, हे जमिनीत रुजलेल्या गवताबद्दल बरंचसं खरं आहे. पण बारा इंची कुंडीत मुळं जाणार कुठे? एप्रिल-मेमध्ये, त्यातही वरच्या मजल्यावरच्या वाऱ्यात, रोज पाणी द्यावं लागू शकतं. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं. कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी. जूनपासून सगळं उलटं. तेव्हा गवत मरतं ते साचलेल्या पाण्याने. नुसती लाल माती धपाधप दाबून भरलीत तर मुळं कुजलीच म्हणून समजा. तिच्यात जाड रेती आणि थोडं कुजलेलं शेणखत मिसळा. कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढून टाका. डेंग्यूच्या डासांना तेवढं पाणी पुरतं, आणि पालिकाही दरवर्षी हेच सांगते.

छाटणी: थंडी सरताना जुनी, तपकिरी पाती वीतभर ठेवून कापा. मुंबईत हे गवत थंडीने वाळत नाही, पण न कापल्यास मधोमध वाळक्या काड्यांचा झुबका होतो.

आता बियांचं पाकीट, कारण खरी फसवणूक इथे आहे. बाजारात जांभळं म्हणून मिळणारं गवत बहुधा ‘रुब्रम’ हे वाण असतं, आणि ते जवळजवळ वांझ आहे. तुरे भरगच्च येतात, रुजणारं बी धरत नाही. मग पाकिटात काय असतं? नशीब बरं असेल तर कुठलं तरी साधं गवत. वाईट असेल तर मूळ हिरवी जात, पेनिसेटम सेटेसियम. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाकडची ही जात शोभेसाठी हवाईत नेली गेली आणि तिथल्या लाव्हाच्या माळांवर पसरली. वाळली की पेट घेते आणि आगीनंतर पुन्हा चटकन फुटते. तिचं बी केसाळ, वाऱ्यावर उडणारं. युरोपीय संघाने २०१७ साली तिला आक्रमक परदेशी जातींच्या यादीत घातलं. असलं बी कठड्यावरून खाली उडू देण्यात काय शहाणपण?

त्यामुळे नर्सरीत जाऊन, रंग डोळ्यांनी बघून रोपच घ्या. वाढवायचं असेल तर पावसाळ्याच्या तोंडाला आख्खा गड्डा कुंडीतून काढा आणि धारदार सुरीने दोन-तीन तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला मुळंही हवीत आणि कोंबही. पाती निम्मी कापा, म्हणजे मुळं धरेपर्यंत पाण्याचा ताण कमी पडतो. आठ-दहा दिवस सावलीत, मग उन्हात.